जलसंधारण-चळवळ, महाराष्ट्रातील

पावसाचे पाणी जेथे पडते तेथेच अथवा त्याच्या जवळपास अडवून जमिनीत मुरविणे, मातीची धूप थांबविणे आणि अशा रीतीने साठलेल्या पाण्याच्या वापरावर गावाने आपण होऊन बंधने घालून घेणे, या तीन हेतूंनी महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात १९७२ च्या दुष्काळानंतर जे लोकप्रयत्न झाले, त्यांना एकत्रितपणे जलसंधारण-चळवळ म्हणतात. ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा १९८७ नंतर रूढ झाली. तथापि तिचा आशय या गावांनी त्यापूर्वीच आपल्या पद्धतीने हाताळला होता. वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरदर्शन व चित्रपटसृष्टी यांनी या प्रयत्नांत उत्तरोत्तर अधिक रस घेतला. त्यामुळे चळवळीचा प्रसार झाला. तसेच तिचे लोकमानसातील रूपही बदलले. या बदलात पाणी अडविण्याची गोष्ट ठळक झाली आणि पाणी वाटून घेण्याची गोष्ट मागे पडली, हे या इतिहासाचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

भौगोलिक पार्श्वभूमी : महाराष्ट्राच्या सु. ८०% क्षेत्राखाली दक्षिण ट्रॅपचा बेसाल्ट खडक आहे. या खडकाचे थर एकसारखे नसतात. वरचा मुरमाड व झिजलेला थर आणि काही सच्छिद्र थर यांत पाणी साठू शकते. परंतु त्यांखालचा घट्ट काळा पाषाण भेगा नसतील तेथे पाणी जवळजवळ धरतच नाही. त्यामुळे येथील भूजल म्हणजे उत्तर भारतातील गाळाच्या मैदानांप्रमाणे खोल व विस्तीर्ण साठा नसून उथळ, तुटक आणि दर पावसाळ्यात नव्याने भरावे लागणारे भांडे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी सरासरी ५,५०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर तेथून पूर्वेस शंभर किमी.च्या आतच तो ५००–६०० मिमी.वर येतो. पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात पुणे, सातारा व सांगली जिल्ह्यांचे पूर्व भाग, सोलापूर जिल्हा आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा बराच भाग मोडतो. येथे पाऊस मोजक्या दिवसांत, बहुधा जोरदार सरींनी पडतो व उघड्या डोंगरउतारांवरून मातीसह वाहून जातो. म्हणून पाणी माथ्यापासून पायथ्याकडे अडवीत यावे, प्रथम उतारावरील सलग समपातळी चर व गवत, मग शेतातील बांध, त्यानंतर नाल्यातील लहान बंधारे व शेवटी पाझर तलाव असा क्रम असावा, हे या शास्त्राचे मूळ सूत्र ठरले. पुढे या सूत्राचा विसर कसा पडला, हे यथास्थळी येईल.

पूर्वपीठिका : गावाने पाण्याचे नियमन स्वतः करणे महाराष्ट्राला नवे नव्हते. धुळे व नासिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम इ. नद्यांवर बंधारे घालून चालविलेली फड पद्धती काही शतके टिकून होती. बंधाऱ्याखालील क्षेत्राचे फड पाडून प्रत्येक फडात एका हंगामी एकच पीक घ्यावयाचे, पाणी पाटकऱ्याने क्रमाने द्यावयाचे व पाटाची दुरुस्ती सर्वांनी करावयाची, अशी तिची रीत होती. प्रत्येक फडात बहुतेकांची थोडीथोडी जमीन असल्याने पाण्याची तूट आली, तर ती सर्वांच्या वाट्यास येई.

जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात डोंगरउतारावरून वाहून जाणारी माती व पाणी जागोजाग ताली-बंधारे घालून शेतात जिरवावे आणि या कामी सरकारने आपल्या फौजेचा व पोलिसांचा उपयोग करावा, असे सुचविले होते. याच ग्रंथात, जंगलखात्याने गायराने आपल्या ताब्यात घेतल्याने शेतकऱ्यांच्या जनावरांना चरावयास जागा उरली नाही, अशी तक्रारही आहे. पाणी मुरविण्याची निकड आणि चराईचा हक्क या दोन गोष्टी एकाच लेखकाने एकाच ठिकाणी मांडाव्यात, हे लक्षणीय आहे. कारण शंभर वर्षांनंतर त्याच दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

दुष्काळ व वृत्तपत्रे यांचा संबंधही एकोणिसाव्या शतकातच जडला. १८७६–७८ च्या दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती मिळवून सरकारपुढे मांडली. १८९६–९७ च्या दुष्काळात केसरीने दुष्काळसंहितेतील सवलती हा रयतेचा हक्क असल्याचे सांगितले. या लेखनाचा रोख सारा, सूट व सरकारी जबाबदारी यांवर होता. जमिनीत पाणी मुरविण्याचा विषय त्यात क्वचितच येई. शासकीय स्तरावर सोलापूर येथील कोरडवाहू शेतीच्या संशोधनातून (१९३३ पासून) बांधबंदिस्तीचे तंत्र सिद्ध झाले आणि मुंबई प्रांताने १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला. त्यानुसार झालेली बांधांची कामे विस्ताराने मोठी होती. मात्र ती खात्याची कामे होती. शेतकऱ्याच्या रानात ती झाली, तरी ती त्याने मागितलेली नव्हती व बांध फुटला म्हणजे तो सरकारचा बांध फुटे.

१९७२ चा दुष्काळ : १९७० पासून सलग अपुऱ्या पावसाने ओढवलेला हा दुष्काळ १९७२-७३ मध्ये पराकोटीस पोहोचला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात होती. खडी फोडणारी कुटुंबे, सुकडीचे वाटप व आयात केलेला लालसर मिलो ही या पिढीची ठळक आठवण आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला याच काळात चालना मिळून १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. पाझर तलाव व नालाबंडिंग हे शब्द मराठी खेड्यात या योजनेमुळे घरोघर माहीत झाले. कामाचे मोजमाप मात्र उपसलेल्या मातीच्या ब्रासांत होई. किती पाणी मुरले, हे कोणी मोजीत नसे. अनेक तलाव पायात गळत राहिले.

या दुष्काळाचा आणखी एक परिणाम तेव्हा फारसा कोणाच्या ध्यानी आला नाही. पिण्याच्या पाण्यासाठी कठीण खडक भेदणारी यंत्रे खेडोपाडी फिरू लागली आणि विंधन विहिरीचे तंत्र शेतकऱ्याच्या आवाक्यात आले. आडाच्या व मोटेच्या विहिरीला खोलीची नैसर्गिक मर्यादा होती; विंधन विहिरीला ती उरली नाही. १९७२ मध्ये विहिरींना थोडेबहुत पाणी होते, पण घरात धान्य नव्हते; २०१२-१३ च्या टंचाईत धान्य होते, पाणी नव्हते, असे जुनी माणसे सांगत. या फरकामागे विंधन विहिरींचा वाटा मोठा आहे.

याच वर्षी जून महिन्यात स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणाविषयीची पहिली जागतिक परिषद भरली आणि २ ऑक्टोबर रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढे ‘आमची माती, आमची माणसं’ सारख्या कार्यक्रमांतून शेतीचे विषय पडद्यावर आले. तथापि स्टॉकहोम आणि दुष्काळी कामावरची खडी यांचा काही परस्परसंबंध आहे, असे तत्कालीन मराठी वृत्तपत्रांना जाणवल्याचे दिसत नाही. पर्यावरण हा विषय बराच काळ कारखान्यांचा धूर, वाघ व हिमालयातील वृक्ष यांच्यापुरताच राहिला. १९७३ मध्ये सुरू झालेले चिपको आंदोलन व त्यानंतर गाजलेला केरळातील सायलेंट व्हॅलीचा वाद यांमुळे त्याला सार्वजनिक महत्त्व आले. दिल्ली येथील विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने १९८२ मध्ये भारताच्या पर्यावरणस्थितीचा पहिला नागरी अहवाल प्रसिद्ध केला. गरिबांचे जगणे आणि निसर्गाची स्थिती हे एकच प्रकरण आहे, ही त्याची भूमिका पत्रकारांच्या एका पिढीवर ठसली व तिची दृष्टी खेड्यांकडे वळली.

पाणी पंचायत : चळवळीचा वैचारिक पाया पुणे येथील अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे (१९३७–२००२) यांनी घातला. दुष्काळी कामांवरील मजुरांची स्थिती पाहून त्यांनी पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची सु. १६ हे. पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठानची स्थापना केली. उतारावर समपातळी बांध, पायथ्याशी पाझर तलाव, त्याखाली विहीर व विहिरीतून उपसा अशी साधी रचना करून त्याच माळावर त्यांनी धान्य पिकवून दाखविले. जमिनीचा हा कायापालट पाहण्यास पुष्कळ लोक आले.

परंतु साळुंखे यांचे खरे कार्य पाणी मिळाल्यानंतर सुरू होते. आजूबाजूच्या गावांतील शेतकऱ्यांचे गट करून उपसा सिंचनाच्या ज्या योजना त्यांनी उभारल्या, त्यांसाठी काही नियम ठरविण्यात आले. पाण्याचा हिस्सा जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर द्यावयाचा. माणशी अर्धा एकर व कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतकेच पाणी द्यावयाचे. उसासारखी भरमसाट पाणी लागणारी पिके घ्यावयाची नाहीत. जमीन विकली, तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, तो गटाकडे परत येतो. आणि भूमिहीनांनाही पाण्यात हिस्सा असतो. योजनेच्या खर्चापैकी २०% रक्कम लाभधारकांनी प्रथम उभी करावी, ५०% शासकीय अनुदान मिळावे व उरलेल्या ३०% रकमेची सोय प्रतिष्ठानाने बिनव्याजी कर्जातून करावी, अशी आर्थिक मांडणी होती.

या नियमांतील शेवटचे दोन विशेष क्रांतिकारक होते. भारतातील प्रचलित कायद्यात भूजल हे जमिनीच्या मालकीचे शेपूट आहे. ज्याची जमीन त्याची विहीर आणि ज्याची विहीर त्याचे पाणी. पाणी पंचायतीने हे शेपूट तोडले. भूमिहीनाने आपला पाण्याचा हिस्सा घेऊन दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने पीक घ्यावे, ही कल्पना तेव्हा अनेकांना अव्यवहार्य वाटली. व्यवहारात तिच्या मार्गात अडचणी आल्याही. विजेचा खर्च, अनुदानाबाबतचे शासनाचे बदलते धोरण व शेजारच्या बागायतीचे आकर्षण यांमुळे पुढे बऱ्याच योजना मंदावल्या, काही बंद पडल्या. या अपयशाची चिकित्सा वृत्तपत्रांत फार थोडी झाली. नायगावचे हिरवे रान छायाचित्रात येऊ शकत होते. पाण्याच्या वाटपाची नोंदवही येऊ शकत नव्हती.

समन्यायी वाटपाचा हाच विचार सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात वेगळ्या वाटेने पुढे गेला. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर गावी परतलेले कामगार व स्थानिक शेतकरी यांच्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीतील वाळूचा बेसुमार उपसा होत असल्याने विहिरी आटतात, असे तिचे निरीक्षण होते. गावाच्या हद्दीतील वाळूवर पहिला अधिकार गावाचा आहे, असा आग्रह धरून आणि मर्यादित वाळू विकून आलेल्या पैशांचा आधार घेऊन बळीराजा स्मृती धरण बांधण्यात आले. त्याचे पाणी प्रत्येक कुटुंबास सारखे, हे तत्त्व आधीच ठरले होते. भारत पाटणकर यांचे नेतृत्व व अभियंते के. रा. दाते यांचे तांत्रिक साहाय्य या कामास लाभले. आधी नियम व मग धरण, हा क्रम महाराष्ट्राच्या सिंचन-इतिहासात अपवादात्मकच म्हणावा लागेल.

राळेगण सिद्धी : अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील हे गाव चळवळीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ठरले. किसन बाबूराव तथा अण्णा हजारे (१९३७– ) सैन्यातून निवृत्त होऊन १९७५ मध्ये गावी परतले. तेव्हा गावात दारूभट्ट्या होत्या, शेती पावसावर अवलंबून होती आणि पुष्कळ लोक मजुरीसाठी बाहेर जात. हजारे यांनी प्रथम यादवबाबांच्या मोडकळीस आलेल्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. गावास एकत्र आणण्याची ही जागा त्यांनी अचूक हेरली होती. त्यानंतर गळणारा पाझर तलाव श्रमदानाने दुरुस्त करण्यात आला. त्याखालच्या विहिरींना पाणी येताच लोकांचा विश्वास बसला. या कामी साळुंखे यांचे मार्गदर्शन मिळाले होते. मग नालाबंडिंग, वृक्षलागवड, धान्यबँक, सामुदायिक विहिरी व शाळा असा विस्तार होत गेला. हजारे यांना पद्मश्री (१९९०) व पद्मभूषण (१९९२) हे सन्मान मिळाले.

राळेगणच्या अनुभवावरून श्रमदान, नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी ही पंचसूत्री ठरविण्यात आली आणि १९९२ मध्ये महाराष्ट्र शासनाने आदर्श गाव योजना सुरू केली. त्याच वर्षी रीओ दे जानेरो येथील वसुंधरा परिषदेने स्थानिक संस्थांनी पर्यावरणाचा कार्यक्रम आपल्या पातळीवर आखावा, असे आवाहन केले आणि संसदेने ग्रामसभेला घटनात्मक स्थान देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती संमत केली. गणेश पांगारे व वसुधा पांगारे यांचे राळेगणवरील इंग्रजी पुस्तकही १९९२ मध्येच निघाले. गावाकडे अभ्यासक, अधिकारी, शाळांच्या सहली व पत्रकार यांचा ओघ सुरू झाला.

या प्रसिद्धीचे स्वरूप ध्यानात घेण्याजोगे आहे. वृत्तलेखांचा साचा लवकरच ठरून गेला : उजाड गाव, एक निःस्वार्थी माणूस, श्रमदान आणि हिरवे शिवार. या साच्यात न बसणाऱ्या गोष्टी गळाल्या. गावाने कुकडी कालव्यावरून उपसा करून पाणी आणले, रोजगार हमी व इतर शासकीय योजनांचा निधी कौशल्याने वापरला, बँकेची कर्जे घेतली व फेडली, या बाबी पांगारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी नोंदविल्या. वृत्तपत्री कथेत त्या दुर्मिळच. दारू पिणाऱ्यांना खांबास बांधून मारण्याची शिक्षा गावात दिली जाई. तिचे वर्णन काही काळ कौतुकाने होत असे. २०११ मध्ये लोकपालासाठी दिल्लीत झालेल्या उपोषणांच्या वेळी देशभरच्या वृत्तवाहिन्या राळेगणात पोहोचल्या, तेव्हा हीच गोष्ट वादाचा विषय बनली. एकाच गावास वीस वर्षांत प्रथम देवपण व नंतर आरोपीचा पिंजरा मिळाला. दोन्ही वेळी गावातील दलित वस्ती, भूमिहीन आणि बायका यांचे स्वतःचे म्हणणे अभावानेच छापले गेले.

चराईबंदी व श्रमदान यांच्याविषयीचा प्रश्न येथेच उद्‌भवतो. डोंगरावर गवत वाढावयाचे, तर काही वर्षे जनावरे बाहेर ठेवणे भाग असते. त्याशिवाय उतारावरची माती धरत नाही. पण शेळ्यामेंढ्यांवर जगणारे धनगर व भूमिहीन यांना ती वर्षे काढावयाची असतात. बंदीचा भार त्यांनी उचलावा आणि विहिरीची वाढलेली पातळी ज्यांच्या विहिरी आहेत त्यांना लाभावी, असा विषम हिशेब पुष्कळ गावांत झाला. श्रमदानाचेही तसेच आहे. हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूंच्या प्रेरणेने सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात (१९८९ पासून) भूमिहीनांना कामाची मजुरी, गवताचा हिस्सा व बचत गटांची जोड देऊन हा तोल काही अंशी साधण्याचा प्रयत्न झाला.

हिवरे बाजार : अहिल्यानगर जिल्ह्यातील या गावाचे पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले व १९९४ मध्ये गावाचा आदर्श गाव योजनेत समावेश झाला. येथे जलसंधारणाची कामे राळेगणप्रमाणेच झाली. वेगळेपण पुढच्या टप्प्यात आहे. शेतीसाठी विंधन विहीर घेण्यास ग्रामसभेने बंदी केली, ऊस व केळी यांसारखी पिके टाळली, बाहेरच्यांना जमीन विकू नये असे ठरविले आणि पावसाळ्याच्या अखेरीस पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. पडलेला पाऊस मोजून, माणसे व जनावरे यांच्या पिण्याची गरज प्रथम बाजूस काढून, उरलेल्या पाण्यात रब्बीचे व उन्हाळी किती क्षेत्र भिजेल हे गावासमोर सांगितले जाते. पाऊस कमी असेल त्या वर्षी पिके कमी होतात. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

वृत्तमाध्यमांनी मात्र हिवरे बाजारास ‘लक्षाधीशांचे खेडे’ म्हणून देशापुढे ठेवले. गावात लक्षाधीश कुटुंबे किती, हा आकडा एका वृत्तातून दुसऱ्यात जात राहिला. ताळेबंदाचा उल्लेख येई, पण त्याचा अर्थ असा की अपुऱ्या पावसाच्या वर्षी ज्याच्या विहिरीत पाणी आहे त्यानेही दुसरे पीक घ्यावयाचे नाही, हे क्वचितच सांगितले जाई. गावाची खरी मिळकत या नकारात आहे. तो नकार कोणत्या सामाजिक परिस्थितीत शक्य होतो, गाव लहान व तुलनेने एकजिनसी असण्याचा त्यात किती भाग आहे, हा प्रश्न अनुकरण करू पाहणाऱ्या गावांच्या दृष्टीने निर्णायक होता. आदर्श गाव योजनेत निवडलेल्या गावांपैकी थोड्याच गावांना हे यश मिळाले, याचे एक कारण येथे सापडते.

दूरचित्रवाणीचे युग : शेतीविषयक मराठी पत्रकारितेला २००५ मध्ये स्वतंत्र दैनिक लाभले. ॲग्रोवन हे ते दैनिक होय. पाणलोटाची तांत्रिक माहिती व शेतकऱ्यांचे प्रत्यक्ष हिशेब छापणारी ही पत्रकारिता वर उल्लेखिलेल्या साच्याला बऱ्याच अंशी अपवाद आहे. पी. साईनाथ यांनी दुष्काळ आवडे सर्वांना या नावाने मराठीत आलेल्या पुस्तकात (मूळ इंग्रजी १९९६), वृत्तपत्रे दारिद्र्याकडे प्रक्रिया म्हणून न पाहता घटना म्हणून पाहतात, असा आक्षेप घेतला होता. २०१२-१३ व २०१५-१६ च्या टंचाईत तो पुन्हा खरा ठरला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वेगाडी सर्व वाहिन्यांवर दिसली. लातूरच्या परिसरातील भूजल कित्येक वर्षे कोणत्या पिकांसाठी उपसले जात होते, याची चर्चा तिच्या मानाने थोडी झाली.

आमिर खान यांच्या दूरचित्रवाणी मालिकेत २०१२ मध्ये पाण्यावर एक भाग सादर झाला होता. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची स्थापना होऊन गावागावांत जलसंधारणाची स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई व कोरेगाव हे तीन तालुके स्पर्धेत होते आणि साताऱ्यातील वेळू गाव पहिले आले. २०१७ मध्ये तालुक्यांची संख्या ३० व २०१८ मध्ये ७५ झाली. सु. ४५ दिवसांच्या या स्पर्धेचे चित्रण मराठी वाहिन्यांवरून प्रसारित होई. १ मे २०१८ रोजी शहरांतील स्वयंसेवक मोठ्या संख्येने गावांत श्रमदानास गेले. गावकऱ्यांना दिलेले तांत्रिक प्रशिक्षण हा या उपक्रमाचा भक्कम भाग होय. गटातटांत विभागलेली अनेक गावे निदान त्या उन्हाळ्यापुरती एकत्र आली, हेही खरे. पण स्पर्धेचा काळ पावसाच्या आधी संपतो, तर पाण्याच्या वाटपाचा प्रश्न पावसानंतर सुरू होतो. संयोजकांनीही पुढे आपले लक्ष शेतकरी गट व पीकपद्धती यांकडे वळविले (२०२२).

याच सुमारास महाराष्ट्र शासनाने जलयुक्त शिवार अभियान हाती घेतले (डिसेंबर २०१४). दरवर्षी ५,००० गावे टंचाईमुक्त करण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. माथा ते पायथा हा क्रम कागदोपत्री असला, तरी प्रत्यक्षात यंत्रांनी नाले रुंद व खोल करण्यावर अनेक ठिकाणी भर पडला. हे काम झटपट होते, त्याचे मोजमाप सोपे असते व पहिल्या पावसानंतर भरलेल्या नाल्याचे छायाचित्र परिणामकारक दिसते. वरचे उतार उघडे राहिल्यास असा नाला गाळाने भरतो आणि अधिक खोदल्यास भूजल धरणारा थरच उघडा पडून पाणी वाहून जाते, असे भूशास्त्रज्ञांनी बजावले होते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२० मध्ये विधिमंडळात सादर झालेल्या अहवालानुसार अभियानावर सु. ९,६३४ कोटी रु. खर्च झाले; परंतु गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्यावर व भूजलपातळी वाढविण्यावर त्याचा परिणाम अल्प होता. या अहवालाची वृत्ते राजकीय आरोप-प्रत्यारोपांच्या स्वरूपात आली. अभियानाचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू करण्यात आला.

यशाचेही स्वतःचे दुष्परिणाम दिसून आले आहेत. जालना जिल्ह्यातील कडवंची येथे १९९६ नंतर उत्तम पाणलोट विकास झाला व गाव द्राक्षबागांमुळे सधन झाले. बागा उन्हाळ्यात जगविण्यासाठी तेथे प्लॅस्टिकचे अस्तर असलेली शेततळी मोठ्या संख्येने निघाली. अशा भागांत ही शेततळी पावसाच्या पाण्याने न भरता विहिरींतून उपसून भरली जातात, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. सर्वांचे असलेले जमिनीखालचे पाणी अशा प्रकारे एकेकाच्या तळ्यात वर येते, तेथून त्याची वाफही होते, आणि वरून पाहणाऱ्यास शिवार निळेहिरवे दिसते.

कायदा : भूजलाच्या उपशावर नियंत्रण आणणारा पिण्याच्या पाण्यापुरता कायदा महाराष्ट्राने १९९३ मध्ये केला. विधिमंडळाने २००९ मध्ये संमत केलेल्या व्यापक भूजल अधिनियमास राष्ट्रपतींची संमती २०१३ मध्ये मिळाली. केंद्र शासनाच्या अटल भूजल योजनेत (२०२० पासून) महाराष्ट्रासह सात राज्यांतील निवडक ग्रामपंचायतींनी जलसुरक्षा आराखडा करून पाण्याचा जमाखर्च लोकांसमोर मांडावा, अशी अट घालण्यात आली. हिवरे बाजारची रीत अशा प्रकारे शासकीय नमुन्यात आली. नमुन्यात पावसाचा, साठ्याचा व पिकांच्या गरजेचा रकाना आहे. ताळेबंदात तूट निघाल्यास कोणी कोणते पीक सोडावयाचे, याचा निर्णय ग्रामसभेवर सोपविलेला असून बहुतेक गावांत ज्यांच्या विहिरी खोल, त्यांचाच आवाज त्या सभेत मोठा असतो.